निवांतपणाचा ठराव

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. वस्ती तीनेक हजारांची. बहुतेक घरं शेतीवर, नाहीतर साखर कारखान्याच्या पगारावर चालणारी. २०२२ सालच्या १४ ऑगस्टला या गावाने एक ठराव केला आणि दुसऱ्या दिवशी, स्वातंत्र्यदिनी, तो अमलातही आणला. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद होतात. साडेआठला तो पुन्हा वाजतो. मग ज्याला सुरू करायचे त्याने करावेत. मधला दीड तास मुलांच्या अभ्यासाचा, वाचनाचा आणि घरातल्या माणसांनी एकमेकांशी बोलण्याचा.

बातमी देशभर फिरली, परदेशी माध्यमांनीही दिली. पण कौतुकाच्या भरात तिच्यातला सर्वांत मोलाचा तपशील मागे राहिला, असं मला वाटतं. टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आली, मुलांच्या हाती फोन आले आणि शाळा पुन्हा भरल्यावरही ते हातातून सुटेनात, ही मूळ तक्रार. भोंग्याची कल्पना पहिल्यांदा निघाली तेव्हा गावातले पुरुष हसले. मग ग्रामपंचायतीने बायकांची सभा बोलावली. त्या सभेत बायकांनी कबूल केलं की मालिकांचा नाद आम्हालाही लागतोय, बंद करायचं तर सगळ्या गावानेच करावं. तिथून गाडी हलली. आशाताई, अंगणवाडीच्या सेविका, शिक्षक घरोघर समजावत फिरले आणि मग देवळावर भोंगा चढला. म्हणजे मुलं बिघडली म्हणून ओरडण्यापासून सुरू झालेली गोष्ट ‘आपण सगळेच यात आहोत’ इथवर आली, आणि तिथे आल्यावरच ती मार्गी लागली.

शहरात हाच प्रश्न आपण एकेकट्याने सोडवायला बसतो. सूचनांचे आवाज बंद करा, झोपायच्या खोलीत फोन नेऊ नका, रविवारी फोनचा उपास करा, किती तास पडद्यापुढे गेले ते मोजणारं अ‍ॅप घ्या. यातला एकही सल्ला चुकीचा नाही. पण या सगळ्यांच्या तळाशी एकच गृहीतक आहे: मन भरकटणं हा माझा दोष, ते ताळ्यावर आणणं माझं काम, आणि नाही जमलं तर माझाच निश्चय कच्चा. हे गृहीतक मला मान्य नाही. त्याने माणसाच्या पदरात अपराधीपणा पडतो आणि प्रश्न होता तिथेच राहतो. निवांतपणा हा एकट्याने कमवायचा सद्गुण आहे, हा समज सोडून तो मिळून ठरवायचा व्यवहार आहे असं आपण मानायला हवं, हे मला इथे मांडायचं आहे.

एकट्याचा निश्चय का तोकडा पडतो, ते आधी पाहू. छापील पान संपतं. वर्तमानपत्र संपतं. संकेतस्थळांचं पानही एके काळी संपायचं. पुढचं उघडण्यासाठी तळाशी क्लिक करावं लागे, आणि त्या क्षणभरात ‘आता पुरे’ म्हणायला जागा मिळे. २००६ मध्ये अझा रास्किन या तरुणाने पडदा सरकवत राहिलं की मजकूर येतच राहील, अशी रचना केली. वाचणाऱ्याचे कष्ट वाचावेत एवढाच त्याचा हेतू होता. पुढे त्याला स्वतःलाच तिचा पश्चात्ताप झाला आणि तो त्याने जाहीरपणे बोलूनही दाखवला. कारण त्या एका सोयीने थांबण्याची जागाच पुसून टाकली होती. माणूस निश्चयाने थांबतो हे अर्धंच खरं आहे. एरवी तो थांबतो ते ताट रिकामं झालं, दिवा गेला, रस्ता संपला म्हणून. ही थांबण्याची ठिकाणं काढून घेतली की प्रत्येक थांबणं हे एक स्वतंत्र युद्ध होतं, आणि अशी युद्धं दिवसभर कुणालाच जिंकता येत नाहीत.

दुसरी गोष्ट याहून जुनी. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी गेल्या शतकात प्रयोगशाळेत कबुतरांना कळ दाबायला शिकवलं. कळ दाबली की दाणा. दर वेळी दाणा मिळतो म्हटल्यावर कबुतर गरजेपुरती कळ दाबतं. पण दाणा कधी मिळेल, कधी मिळणार नाही, याचा नेम नसला की ते चोच मारतच राहतं. फोन उघडल्यावर समोर काय येईल याचाही असाच नेम नसतो. दहा निरर्थक गोष्टींनंतर एखादी खरंच हवीशी, एखाद्या जुन्या मित्राची खबर, एखादं सुंदर गाणं. ते हवंसं खरं असतं, म्हणून तर ओढ सुटत नाही.

आणि ही ओढ अपघाताने तयार झालेली नाही. नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज २०१७ मध्ये गुंतवणूकदारांशी बोलताना म्हणाले होते की आपली स्पर्धा माणसाच्या झोपेशी आहे. त्याच वर्षी फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनी सांगितलं की लोकांचा जास्तीत जास्त वेळ आणि लक्ष कसं घेता येईल, याच विचारातून ही माध्यमं घडवली गेली, आणि आपण काय करतोय हे करणाऱ्यांना माहीत होतं. यामागे कट शोधायचं कारण नाही. ज्या कंपनीचं जवळजवळ सगळं उत्पन्न जाहिरातींतून येतं, तिच्यासाठी आपण पडद्यावर घालवलेलं प्रत्येक मिनिट हा कच्चा माल आहे. ती तो मिळवत राहणारच. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच, म्हणजे संगणक खोलीएवढे असताना, इशारा दिला होता की माहितीची रेलचेल होईल तिथे लक्षाचा तुटवडा पडेल, कारण माहिती वाढते ती माणसाचं लक्ष खाऊनच.

कॅलिफोर्नियातल्या संशोधक ग्लोरिया मार्क यांनी कचेरीत काम करणाऱ्या माणसांचं निरीक्षण करून हे मोजलं. २००४ च्या सुमारास माणूस संगणकावरच्या एका गोष्टीवर सरासरी अडीच मिनिटं टिकत होता; अलीकडच्या काळात ते सत्तेचाळीस सेकंदांवर आलं आहे. त्यांच्या निरीक्षणातली एक गोष्ट मला या आकड्यापेक्षा महत्त्वाची वाटते. लोकांचं काम बाहेरच्या व्यत्ययाने जितकं तुटतं, जवळपास तितकंच ते स्वतःहून तोडतात. फोन वाजला नाही तरी हात फोनकडे जातो. म्हणजे बाहेरचा आवाज बंद केला तरी आत त्याची सवय वाजत राहते. तेव्हा स्वतःच्या मनावर काम करावं लागत नाही, असं मी म्हणणार नाही. ते करावं लागतंच. पण ते कुठल्या जमिनीवर करायचं, हा प्रश्न आधीचा आहे.

कंपन्यांवर सगळं ढकलूनही सुटका होत नाही. आपल्या लक्षाचा दुसरा मोठा उपसा आपण एकमेकांचा करतो. व्हॉट्सअ‍ॅपवर २०१४ च्या नोव्हेंबरात निळ्या खुणा आल्या आणि संदेश वाचून गप्प राहण्याची मुभा संपली. वाचलंस, मग उत्तर का नाही? एका माणसाने साहेबांच्या रात्री दहाच्या संदेशाला दोन मिनिटांत उत्तर दिलं की दोन मिनिटं हे माप ठरतं. बाकीचे आपोआप आळशी दिसू लागतात. एका आईने वर्गाच्या गटावर गृहपाठाचा फोटो टाकला की इतर आयांना वाटतं, आपणच मागे राहिलो. कुणाचाही हेतू वाईट नसतो. प्रत्येक जण थोडासा तत्पर होतो, आणि सगळ्यांची मिळून दमछाक होते.

दुष्काळी मुलखातल्या माणसाला हे गणित समजावून सांगावं लागत नाही. शेजाऱ्याने दोनशे फुटांवर बोअर मारली की माझ्या विहिरीचं पाणी उतरतं. म्हणून मी तीनशेवर जातो. मग तो पाचशेवर. दोघांच्याही डोक्यावर कर्ज चढतं आणि पाणी कुणालाच पुरत नाही. यात एकट्याच्या संयमाने काही होत नाही, कारण मी बोअर मारली नाही म्हणून पाणी जमिनीत राहत नाही. शेजारी ते उपसतो. शहाणपण करणारा माणूसच यात बुडतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने या कोंडीतून वाट काढली. पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटरच्या आसपास पडणारं गाव. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर, १९९० च्या सुमारापासून, गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान यांबरोबर एक कडक नियम केला: शेतीसाठी बोअर मारायची नाही. पावसाळा सरला की ग्रामसभेत पाण्याचा हिशोब मांडला जातो आणि यंदा कुठली पिकं घ्यायची ते त्यावरून ठरतं. पाणी तेच, पाऊस तोच. बदललं ते एवढंच की पाणी कुणा एकाचं नाही हे सगळ्यांनी बसून मान्य केलं.

एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच गोष्टींच्या अभ्यासासाठी. गायरानं, जंगलं, मासेमारीचं पाणी या सामायिक गोष्टी माणसं हावरटपणे संपवूनच टाकतात, असा एक पक्का समज होता. जगभरच्या गावांचा अभ्यास करून ऑस्ट्रम यांनी दाखवलं की नियम पाळायचा त्यांनीच तो केला असेल, आणि एकमेकांवर नजर ठेवण्याची साधी सोय असेल, तर लोक पिढ्यान्‌पिढ्या अशा गोष्टी सांभाळतात. मोहित्यांच्या वडगावने कळत-नकळत तेच केलं आहे. तिथे सात ते साडेआठ फोन बंद ठेवणाऱ्या बाईला कुणाला काही समजावावं लागत नाही. त्या वेळात तिला उत्तर मागणारं गावात कुणी नसतं. तिचं काही हुकत नाही, कारण काही चाललेलंच नसतं. एकट्याने फोन बंद केला की आत हुरहुर लागते. सगळ्यांनी बंद केला की ती हुरहुर उपजतच नाही. हा फरक निश्चयाचा नव्हे, हा फरक रचनेचा आहे.

हे म्हणणं नोकरीच्या जागी नेलं की त्याची धार वाढते. मन लावून जगण्याच्या चर्चेत कष्टकरी माणूस फारसा येत नाही, आणि मला ते खटकतं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. फोन निकृष्ट, त्यांत जागा अपुरी, दुरुस्तीचा भुर्दंड सेविकेवर, आणि माहिती भरायचं अ‍ॅप इंग्रजीत. बाळाचं वजन करायचं, आईशी बोलायचं, पोरांना गाणं शिकवायचं, ही जिची कामं, ती बाई अडकलेल्या पडद्यापुढे बसून राहते. इथे ‘फोन बाजूला ठेवा’ हा उपदेश कुणाला करायचा? तिच्या लक्षाचा हक्क पहिल्यांदा त्या बाळाचा आहे, आणि ते लक्ष वरच्या कचेरीने काढून घेतलं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांतले शिक्षकही हेच सांगतात: कार्यक्रम झाला की फोटो, फोटो झाला की लिंक, लिंक भरली की त्याचा स्क्रीनशॉट. वर्गात चाळीस मुलं समोर बसलेली असतात. शहरातल्या घरपोच सेवा देणाऱ्या पोरांची गत तर याहून बिकट, कारण त्यांचा फोन हाच त्यांचा मुकादम.

म्हणून कायद्याची भाषा करावीच लागते. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नास किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना कामाच्या वेळेबाहेर संपर्कात न राहण्याच्या हक्काबद्दल कामगारांशी वाटाघाटी कराव्या लागतात. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ मध्ये कामगाराला वेळेबाहेरचा अवाजवी फोन न घेण्याचा हक्क मिळाला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये याच आशयाचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. खासगी विधेयकाचं नशीब आपल्याकडे ठरलेलं आहे. १९७० नंतर एकाचाही कायदा झालेला नाही. पण ते मांडलं गेलं याला किंमत आहे, कारण त्याने प्रश्नाचं ठिकाण बदललं. रात्री अकराला साहेबांचा संदेश पाहून छातीत धडधडतं, ही त्या कारकुनाच्या मनाची दुर्बलता नाही. ती त्याच्या नोकरीची अट झालेली आहे, आणि अटींवर वाटाघाट होऊ शकते. फ्रान्सच्या कायद्यातली मला आवडलेली गोष्टही तीच: तो वरून घड्याळ लादत नाही, दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवतो.

इथवरचं सगळं आडकाठीबद्दल झालं. पण थांबायचं ते कशासाठी? नुसता थकवा घालवायचा असेल तर झोप पुरेशी आहे. संथ होण्यात काही मिळतं का, जे घाईत मिळूच शकत नाही? मिळतं, आणि त्याचा सर्वांत सुंदर पुरावा आपल्या ख्यालगायकीत आहे.

उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा ऐकावा. ध्वनिमुद्रिका १९६० ची. ताल झुमरा, मात्रा चौदा, आणि लय इतकी ठाय की नव्या कानाला ताल चालू आहे की थांबलाय हेच कळत नाही. मारव्यात पंचम वर्ज्य, आणि षड्जावर, जो एरवी गाण्याचं घर, त्याच्यावर फार टेकायचं नाही. गवई रिषभ-धैवतावर रेंगाळतो. ऐकणाऱ्याच्या आत षड्जाची तहान वाढत जाते. खाँसाहेब ती भागवत नाहीत, पुन्हा वळतात, पुन्हा रिषभावर थांबतात. आणि मग केव्हातरी, अगदी हळुवारपणे, षड्ज लागतो. तो स्वर एका सेकंदाचा असेल, पण त्या सेकंदात जे आहे ते आधीच्या सगळ्या वाट पाहण्याने भरलेलं आहे. वाट पाहणं वगळून तो स्वर कापून कुणी ऐकवला, तर ऐकू येईल फक्त एक ‘सा’.

विलंबित लय म्हणजे ढिली लय, असा एक गैरसमज असतो. तबलजीला विचारा. द्रुत लयीत हात चालतात, संथ लयीत माणूस उघडा पडतो. दोन मात्रांमधलं अंतर जितकं मोठं, तितकं ते मनात तोलून धरावं लागतं. मन इकडे-तिकडे गेलं की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हुकलीच. ऐकणाऱ्याचंही तेच. संथपणा लक्षाला विश्रांती देत नाही, तो लक्षाकडून पूर्ण कामाची अपेक्षा ठेवतो. म्हणून ‘सावकाश जगा’ हा सल्ला ऐषआरामाचा म्हणून देणाऱ्यांशी माझं जमत नाही. सावकाशी ही कष्टाची गोष्ट आहे. आजारी माणसाच्या उशाशी बसणं, मूल अडखळत काही सांगत असताना त्याचं वाक्य पुरं होऊ देणं, रुसलेल्या माणसापुढे गप्प राहणं, या सगळ्या विलंबित लयीतल्याच गोष्टी आहेत, आणि त्या करणाऱ्याला थकवतात. त्या थकव्यातून नातं तयार होतं.

लहान असणं हा काही दोष नव्हे, हेही इथेच सांगायला हवं. ग्रामोफोनच्या जुन्या तव्यांवर जेमतेम तीन मिनिटं मिळायची आणि अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेवढ्यात राग उभे केले. तीस सेकंदांची रील तीस सेकंदांची आहे म्हणून वाईट नाही. तिच्यानंतर मोकळी जागा राहत नाही, हे तिचं वाईट. तवा संपला की सुई उचलावी लागे, आणि ऐकलेलं मनात मुरायला अवधी मिळे.

मैफलीतली आणखी एक गोष्ट माझ्या मुद्द्याच्या अगदी जवळची आहे. सम सगळ्यांना एकाच क्षणी येते. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात हजारो माणसं बसलेली असतात आणि समेवर ती एकदम हलतात. शेजारच्या अनोळखी माणसाशी नजर मिळते. दोघांनी एकच वाट पाहिली होती, म्हणून ती नजर मिळते. १९८७ साली रविवारी सकाळी रामायण लागायचं तेव्हा रस्ते ओस पडत. त्या वेळी टीव्हीने घरं गिळली अशी टीका झाली होती आणि तिच्यात तथ्यही होतं. तरीही सगळी वाडी एका घरात बसून एकच गोष्ट एका वेळी बघत होती. सोमवारी त्याबद्दल बोलायला सगळ्यांकडे तीच शिदोरी होती. आज एका सोफ्यावर चार माणसं चार वेगळ्या काळांत बसलेली असतात. एक जण कालची मॅच पाहतो, एक अमेरिकेतलं भांडण वाचतो, एकीची मालिका चौथ्या भागावर आहे, मुलगा खेळात आहे. फोनने आपला वेळ घेतला ही तक्रार मला दुय्यम वाटते. त्याने आपला सामायिक वेळ मोडला, हे नुकसान मोठं आहे, आणि एकट्याच्या शिस्तीने ते भरून निघत नाही. मी फोन ठेवला आणि बाकीच्या तिघांनी ठेवला नाही, तर मी नुसता एकटा पडतो.

इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेलेली माणसं परतल्यावर जे सांगतात ते याच्याशी जुळतं. तिथे फोन आधीच जमा होतात, पहाटे चारला घंटा होते, आर्य मौन सगळ्यांना. आतल्या आत उतरण्याची इतकी खासगी साधना, पण ती उभी आहे सर्वांना सारख्या असलेल्या नियमावर. तिथे जमतं आणि घरी आल्यावर पंधरा दिवसांत सुटतं, यात साधकाचा दोष काढण्यापेक्षा घराला ती घंटा नाही, हे ध्यानात घ्यावं.

नियम म्हटलं की भीती येते, आणि ती रास्त आहे. गावकीचे नियम कुणावर चालतात याचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. २०१६ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या सूरज गावाने अविवाहित मुलींना मोबाइल वापरायला बंदी केली. मुलींनाच. अशा ठरावाचा लक्ष किंवा निवांतपणा यांच्याशी काहीही संबंध नाही; तो मुलींना जगापासून तोडण्याचा ठराव आहे आणि त्याला विरोधच करायला हवा. यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने २०२२ च्या नोव्हेंबरात अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदी केली. हेतू मुलांच्या भल्याचा, तरी मला तो अपुरा वाटतो. आपला फोन खिशात ठेवून मुलाचा काढून घेणाऱ्या मोठ्या माणसाचं मूल मनातून ऐकत नाही. वडगावच्या नियमाला मी मान देतो तो एवढ्यासाठी की तो सरपंचालाही लागू आहे, सासूलाही आणि सुनेलाही. आणि तो दीड तासाने संपतो. उरलेल्या दिवसात कुणी फोनवर काय पाहावं, यात गाव पडत नाही. कुठलाही असा नियम तपासायचा असेल तर एवढंच विचारावं: करणाऱ्यांनाही तो लागू आहे का, आणि त्याला शेवट आहे का.

फोन हा अनेकांना जवळ राहण्याचा एकमेव मार्ग आहे, हेही विसरून चालत नाही. दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडणीच्या टोळ्या सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात उतरतात. कोपीत चूल पेटवून झाल्यावर गावाकडे आजीपाशी ठेवलेल्या लेकराशी बोलायची वेळ संध्याकाळचीच. त्या पाच मिनिटांत त्या आईचं लक्ष इतकं एकवटलेलं असतं की समोरासमोर बसलेल्या किती घरांत तेवढं असतं कोण जाणे. न्यू जर्सीत सकाळ होते तेव्हा पुण्यात संध्याकाळ झालेली असते, आणि आजी नातवाला पडद्यावर श्लोक शिकवते. हा हजर राहण्याचाच प्रकार आहे. त्यामुळे वेळ ठरवणाऱ्यांनी या हाकांना वाट ठेवायला हवी: आजारपणाचा फोन, दूरच्या माणसाचा फोन, रात्रपाळीवरच्या बाईचा फोन. साधा आवाजी फोन चालू आणि बाकी सगळं बंद, एवढं म्हटलं तरी यातलं बरंचसं सुटतं. आपल्याला हाक मारणारं माणूस आणि आपल्याला खेचणारं यंत्र, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज त्या एकाच घंटीने वाजतात.

मग सुरुवात कुठून करायची? जिथे आधीच माणसं जमतात आणि ठराव करायचा अधिकार ज्यांना आधीच आहे, तिथून. सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते. पाण्याची टाकी आणि पार्किंग यांच्याखाली आणखी एक विषय बसू शकतो. आठवड्यातून एक संध्याकाळ, दीड तास, सोसायटीच्या गटावर कुणी काही टाकायचं नाही आणि मुलं-मोठी खाली अंगणात. शाळेच्या पालकसभेत वर्गशिक्षिकेसमोर ठरू शकतं की संध्याकाळी सातनंतर वर्गाच्या गटावर गृहपाठ येणार नाही आणि पालकांनीही विचारायचा नाही. जे असेल ते वहीत लिहून येईल. त्या शिक्षिकेचीही संध्याकाळ त्यात मोकळी होते, हे पालकांच्या सहसा ध्यानात येत नाही. कामगार संघटना बोनसच्या मागणीपत्रात वेळेबाहेरच्या संदेशांचं कलम घालू शकतात. शिक्षकांकडून येणाऱ्या फोटो-लिंकांची यादी एकदा जिल्हा परिषदेच्या सभेपुढे ठेवून त्यातल्या कुठल्या खरंच कुणी पाहतं, हा प्रश्न एखाद्या सदस्याने विचारावा. आणि गावात तर ग्रामसभा आहेच. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या तारखांना ती भरते. नोटीस निघते तेव्हा विषयपत्रिकेत विषय घालायला ग्रामपंचायतीकडे एक अर्ज पुरतो. वडगावचा अनुभव पाहता त्याआधी बायकांची सभा घ्यावी.